दुर्गाबाईंची धाकटी बहीण



दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ ज्याच्या कपाटात नाही, असे मराठी ग्रंथालय सापडणे कठीण. त्यांच्या धाकट्या बहिणीचे नाव मात्र वाचकांच्या ओठांवर सहसा येत नाही. डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. जन्म इंदूरचा, १९११ सालचा. म्हणजे भोपाळच्या मराठी मंडळींना त्या माळव्याच्या नात्याने जवळच्याच.

वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेतून शिकून बाहेर पडलेले रसायनशास्त्रज्ञ. कमलाबाई १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्‌सी. झाल्या आणि त्यांनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक होते नोबेल पारितोषिकविजेते सर चंद्रशेखर वेंकट रामन. मुलीला प्रवेश नाही, असे उत्तर आले. कमलाबाई बंगलोरला गेल्या आणि सत्याग्रहाची भाषा बोलू लागल्या. तेव्हा अटी घालून प्रवेश मिळाला: पहिले वर्ष परीक्षेचे, मार्गदर्शक सांगतील तितक्या रात्रीपर्यंत काम, आणि प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये. शेवटची अट कुणी कुणाला घालायला हवी होती, हा प्रश्न वेगळा! रामन यांच्या थोरवीने तो अपमान पुसला गेला नाही. उतारवयातही कमलाबाईंनी तो जाहीरपणे बोलून दाखविला. १९३६ मध्ये त्या विशेष प्रावीण्यासह एम.एस्‌सी. झाल्या आणि नंतर त्या संस्थेची दारे मुलींना खुली झाली.

पुढे केंब्रिज. तेथे बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतीच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ आढळले. पेशींच्या श्वसनात हे प्रथिन भाग घेते. अवघ्या चौदा महिन्यांचे काम आणि सुमारे चाळीस पृष्ठांचा प्रबंध. १९३९ मध्ये पीएच.डी. आपल्याकडील प्रबंधांची जाडी पाहणाऱ्यांनी या चाळीस पृष्ठांवर क्षणभर थांबावे.

दिल्लीचे लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा करून, विवाहानंतर त्या मुंबईच्या विज्ञानसंस्थेत आल्या. कडधान्ये हा त्यांचा आवडीचा विषय. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक एंझाइमाला अडविणारी द्रव्ये असतात, म्हणून धान्यात प्रथिने भरपूर असूनही ती अंगी लागत नाहीत. उष्णतेने ही द्रव्ये बव्हंशी निष्प्रभ होतात. अशोका गार्डनमधल्या एखाद्या घरात मटकी भिजवून, मोड आणून शिजविली जाते, तेव्हा चवीबरोबर हेही साधत असते. सोयाबीनला तर हे विशेष लागू. म्हणूनच सोयाबीनचे पीठ करताना दाणे आधी उकळून, मग वाळवून दळतात. १९७६ मध्ये भोपाळात स्थापन झालेल्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेतही सोयाबीनपासून खाद्यपदार्थ करण्याचे काम झाले आहे. शेतात पीक वाढले म्हणजे पोषण वाढले असे नव्हे. मध्ये चूल असते.

त्यांचे सर्वांत गाजलेले काम नीरेवरचे. सुचविले राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी. ताडामाडाचा ताजा रस गोड असतो. ऊन चढू लागले की हवेतील व मडक्यातील यीस्ट साखरेवर तुटून पडते, किण्वन सुरू होते आणि नीरेची ताडी होते. आतून चुना लावलेले मडके, पहाटेची उतरणी आणि थंडावा हे सारे या काही तासांशी झुंजण्याचे उपाय. दारूबंदीच्या मुंबई राज्यात नीरा म्हणजे संशयित पेय! तीच नीरा कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गर्भवतींच्या आहारात दिल्यास प्रकृती सुधारते, हे कमलाबाईंनी दाखविले आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. झाड एकच, रस एकच, फरक वेळेचा.

निवृत्तीनंतरही प्रयोगशाळेची सवय सुटली नाही. १९६६ मध्ये मुंबईत निघालेल्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेच्या त्या संस्थापक सभासद. १९८२-८३ मध्ये अध्यक्षा. तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकातून त्या ग्राहकांसाठी लिहीत. बंगलोरला प्रवेशासाठी हट्ट धरणारी मुलगी आता दुकानदाराच्या तराजूपुढे उभी होती, एवढेच.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार योजला. वय सत्त्याऐंशीच्या घरात. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. दुर्गाबाई त्यानंतर चार वर्षांनी, २००२ मध्ये गेल्या.