कास्तकाराचं दुखणं आणि डॉक्टरांचा अभ्यास
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आत्महत्येचा विषय निघाला की आपण म्हणतो, कारण एकच: कापसाचा भाव आणि डोक्यावरचं कर्ज. ते खरंच आहे. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टाटा समाजविज्ञान संस्थेनं अभ्यास केला. २००६ साली श्रीजित मिश्रा यांनी राज्य सरकारला अहवाल दिला. विदर्भातल्या घरांत जाऊन त्यांनी जे लिहिलं, त्यात कर्जबाजारीपणा सगळ्यांत पुढे होता. सरकारच्या हाती मात्र राहिली एक लाखाच्या मदतीची पात्र-अपात्रची फाईल. माणूस मेल्यावर त्याचा सातबारा पाहायचा, बँकेचं खातं पाहायचं. जिवंत होता तेव्हा त्याला रात्री झोप लागते का, हे कोणी विचारलं होतं?

हे विचारणारा एक अभ्यास आपल्याच अमरावती जिल्ह्यात ३० गावांत झाला. प्रकल्पाचं नाव 'विश्राम'. गावपातळीवर कार्यकर्ते तयार केले, त्यांच्या मदतीला समुपदेशक आणि गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञ. सुरुवातीच्या पाहणीत नैराश्यानं आजारी असलेल्या शंभरातले जेमतेम ४ जण उपचाराला गेलेले होते. १८ महिन्यांनी पाहिलं तर २७. जीव द्यावा असे विचार मनात आलेल्यांचं प्रमाण शेकडा ५.२ वरून २.५ वर आलं. २०१७ साली 'लॅन्सेट सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं.

आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, ही पळवाट आहे. उद्या सरकार म्हणेल, कास्तकाराचं डोकंच फिरलं, भावाचा काय संबंध! ही भीती खोटी नाही. सरकारला असं निमित्त हवंच असतं. पण फवारणीत विषबाधा झाली तर आपण माणसाला आधी दवाखान्यात नेतो, कंपनीशी भांडण मागून करतो. भांडण सोडत नाही. मनाच्या दुखण्यालाच वेगळा न्याय का?

मात्र अभ्यास म्हटला की मान डोलवायची, असंही नको. 'विश्राम'मध्ये आधीची आणि नंतरची पाहणी ताडून पाहिली. प्रकल्प नसलेली गावं शेजारी ठेवली नव्हती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ती ठेवली. ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि ४७ गावांशी तुलना केली. बाळांचे मृत्यू शेकडा ६२ नी कमी झाले. १९९९ साली हे प्रसिद्ध झालं. केंद्र सरकारनं आशाताईंमार्फत ते देशभर न्यायचं ठरवलं २०११ साली. मधे बारा वर्षं गेली. बारा खरीप!

राज्य सरकारनं २०१५ साली आपल्या जिल्ह्यांसह १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' आणला, शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी. त्यातून किती माणसं खरोखर उपचारापर्यंत पोचली, तो आकडा गाववार ग्रामसभेत वाचून दाखवावा, ही आमची मागणी आहे. विद्यापीठांनी आणि मेडिकल कॉलेजांनी तो तपासावा, आणि निकाल मराठीत गावाला द्यावा.

तोवर आपलं काम आपण करू. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्यानं आपापल्या प्राथमिक आरोग्य केंद्राची माहिती लिहून आणावी. समुपदेशक कोणत्या वारी येतो, येतो तरी का, गोळ्या शिल्लक असतात का, आशाताईला या कामाचे पैसे मिळतात का. अचलपूर, दर्यापूर, अकोट आणि मूर्तिजापूर यांनी सुरुवात करावी.