परदेशातील खोली
(वार्षिक संमेलनात परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आम्ही जुने मॅट्रिक. सारी हयात प्राथमिक शाळेत मुलांना धुळाक्षरे गिरवावयास लावण्यात गेली. परदेश पाहिला तो भिंतीवरच्या नकाशात. अशा माणसाने परदेशी निघालेल्या पदवीधरांस चार शब्द सांगावे हा विनोदच होय. परंतु चिटणीसांचा आग्रह मोडवेना, म्हणून उभे राहिलो आहोत.

समुद्र ओलांडणाऱ्यास जातीबाहेर टाकण्याचा एक काळ होता. त्या काळी, १८८३ च्या फेब्रुवारीत, बंगालमधील सेरामपूर येथे आनंदीबाई जोशी यांनी भर सभेत आपल्या अमेरिकेस जाण्याची कारणे सांगितली. बहिष्काराचा प्रश्न त्यांनी टाळला नाही. हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परतेन, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. एप्रिलमध्ये त्या निघाल्या तेव्हा वयाची अठरा वर्षे नुकतीच पुरी झाली होती. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी मिळविली. तिकडच्या थंडीत नऊवारी निभावेना, तेव्हा त्या गुजराती पद्धतीने नेसू लागल्या. साडी मात्र सोडली नाही. काय बदलावे आणि काय राखावे, याचा निर्णय त्यांनी स्वतः केला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्षही पुरे होण्याआधी, पुण्यात त्यांचा अंत झाला.

गावात बसून गावाचा नकाशा काढता येत नाही. त्यासाठी शिवेबाहेरची टेकडी चढावी लागते, असे आम्ही वर्गात सांगत असू. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकावयास गेले आणि १९०९ साली त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला तो भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले आणि ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठाच्या परिसंवादात त्यांनी निबंध वाचला तोही भारतातील जातींवरच. दोघांनाही दूरच्या शहरातून आपलेच घर अधिक स्पष्ट दिसले.

परंतु बाबासाहेबांची पुढची हकीकत आपण विसरता कामा नये. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत, ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. १९१७ साली ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या विद्वानास राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत आसरा मिळाला, तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत त्यांनी कमाठी बागेत बसून काळ काढला. न्यूयॉर्कमध्ये ज्यास खोली मिळाली, त्यास स्वदेशात मिळाली नाही.

आता एक घरची गोष्ट सांगतो. आमचा पुतण्या दोन वर्षांपूर्वी लंडनला शिकावयास गेला. फोनवर आम्ही त्यास पहिला प्रश्न केला, ‘तिकडे आपल्या ज्ञातीचे कोणी आहे काय रे?’ तो म्हणाला, ‘काका, इथे ज्ञाती कोणी विचारीत नाही. मी भारतीय की पाकिस्तानी, एवढाही फरक पुष्कळांना ठाऊक नाही.’ पुढे तो खोली शोधू लागला. खोली रिकामी आहे असे आधी कळे. नाव आणि देश सांगितला की उत्तर येई, ‘क्षमा करा, खोली आत्ताच गेली.’ असे चार वेळा घडले. अखेर नागपूरच्या एका विद्यार्थ्याने, मराठी बोल कानी पडताच, आपल्या खोलीत त्याची पथारी घालून दिली. त्याने आडनावही विचारले नाही. त्याच मित्राबरोबर पुतण्याने किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचे घर पाहिले. बाबासाहेब १९२१-२२ च्या सुमारास तेथे राहत. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले.

गणेशोत्सवात एका आफ्रिकन सोबत्याने त्यास आरतीचा अर्थ विचारला. पुतण्याने रात्री आम्हांस फोन केला. जन्मभर टाळ्या वाजवून आरती म्हटलेले आम्ही दोन शब्दांवर अडलो आणि कोश काढून बसलो. त्या परक्या मुलाच्या प्रश्नाने काका-पुतण्या दोघेही शिकले.

पण ‘खोली आत्ताच गेली’ हे वाक्य ऐकून आम्हांस त्या रात्री झोप आली नाही. ते वाक्य आमचेच होते. १९९६ साली आमच्या शाळेत एक तरुण शिक्षक नव्याने आले. आमच्या माडीवरची खोली रिकामी होती. ती मागावयास ते आले, तेव्हा आम्ही आडनाव विचारले, मग गाव विचारले आणि मग म्हणालो, ‘खोली पाहुण्यांसाठी ठेवली आहे.’ ती खोली पुढे दोन वर्षे रिकामीच होती. ते गृहस्थ रोज नऊ किलोमीटर सायकल मारीत येत, आणि आम्ही त्यांस ‘या गुरुजी’ म्हणून आदराने बोलावीत असू! गेल्या दिवाळीत आम्ही त्यांच्या घरी जाऊन ही चूक कबूल केली. ते इतकेच म्हणाले, ‘गुरुजी, मला तेव्हाच कळले होते.’ मग त्यांनी चहा मागविला. तो चहा घशाखाली उतरविणे आम्हांस जड गेले.

विद्यार्थीमित्रांनो, परक्या शहरात तुम्हांस कोणी विचारील, तुम्ही कोण? उत्तर देण्यापुरती आपली भाषा, आपली आरती, आपला इतिहास जाणून जा. आणि जे दार तुमच्यासमोर बंद होईल, त्याची आठवण घरी परत आणा.

वडीलधाऱ्यांस मात्र आमची एक सूचना आहे. आपल्या पूर्वजांनी वर्गणी काढून ज्ञातीचे विद्यार्थी-वसतिगृह उभारले, ते परगावी आपल्या मुलांना कोणी जागा देईना म्हणून. त्यातील दोन खोल्या येत्या जूनपासून ज्ञातीबाहेरच्या गरजू विद्यार्थ्यांस द्याव्या, असा ठराव कार्यकारी मंडळाने विचारात घ्यावा. त्या खोल्यांच्या पहिल्या वर्षाच्या खर्चास आमचे एका महिन्याचे निवृत्तिवेतन आम्ही आजच चिटणीसांच्या स्वाधीन करीत आहोत. काही सभासदांस ही सूचना रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. १९९६ साली आम्हांसही रुचली नसती.