वरच्या वर्गांतील एक रात्र



प्रवासाची हकीकत म्हटली कीं नद्या, डोंगर आणि देवळें यांची अपेक्षा असते. आज मी ज्या प्रवासाविषयीं बोलणार आहें त्यांत यांपैकीं कांहींच नाहीं. तो सारा प्रवास विमानांत बसून एका रात्रींत झाला, आणि त्यांत मला दिसली ती बहुतेक माझीच चूक. ती चारचौघांत सांगितली तर दुसऱ्या कोणाच्या उपयोगीं पडेल, एवढ्याच हेतूनें हें बोलण्याचें धाडस करीत आहें.

मी वाईकडचा एक निवृत्त शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंत. माझी मुलगी लंडनला असते. सन २०२४ च्या प्रारंभीं तिला मुलगा झाला. माझी आई त्या वेळीं ८५ वर्षांची होती. पणतवंडाचें तोंड पाहावें आणि मस्तकावर सोन्याचीं फुलें पडावीं, ही आपल्याकडील वृद्धांची शेवटची हौस. आई ती बोलून दाखवीत नसे. "इतक्या लांब मला कोण नेणार?" एवढेंच म्हणे.

जिनें जन्मभर एस्टीच्या मागच्या बाकावर धक्के खाल्ले, तिला न्यायचें तर विमानाच्या वरच्या वर्गानेंच न्यायचें, असें मीं ठरविलें. निवृत्त होतांना मिळालेल्या रकमेंतून जातांनाचीं तिकिटें काढलीं. साध्या तिकिटाच्या जवळजवळ तिप्पट पैसे पडले. परतीला पैसे पुरेनात, म्हणून तीं तिकिटें साध्या वर्गाचीं घेतलीं. खरें सांगायचें तर या खटाटोपांत आईच्या सोयीइतकाच माझा अभिमानहि होता. शेजाऱ्यांपाशीं 'बिझनेस क्लास' हे दोन शब्द मी जरा सावकाश उच्चारीत असें.

व्हीलचेअर हवी असल्यास ४८ तास आधीं कळवावें लागतें. तें मीं केलें होतें. पण तिचेहि तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार, ज्यांना लांब चालवत नाहीं पण जिना चढतां येतो त्यांच्यासाठीं. दुसरा, ज्यांना जिना चढवत नाहीं पण विमानांत चार पावलें टाकतां येतात त्यांच्यासाठीं. तिसरा, ज्यांना थेट आसनावर नेऊन बसवावें लागतें त्यांच्यासाठीं. आई घरांत हिंडते-फिरते, म्हणून मीं पहिल्यावर खूण केली. त्या रात्रीं विमान इमारतीला लागलेलें नव्हतें. दूर मैदानांत उभें होतें. बसमधून उतरल्यावर समोर लोखंडी जिना! खुर्ची ढकलणारा मुलगा ओशाळून म्हणाला, "आजी, यापुढचें माझ्या कागदांत नाहीं." मग कागद खिशांत घालून त्यानेंच आईला एकेक पायरी करीत वर चढविलें. वर पोंचल्यावर ती पांच मिनिटें नुसती धापा टाकीत होती.

आंत गेल्यावर कळलें कीं आमचीं आसनें एकामागें एक होतीं. आईला खिडकी मिळावी म्हणून मींच तीं तशीं निवडलीं होतीं. प्रत्येक आसनाभोंवतीं खांद्याएवढी भिंत. मी मागें बसलों, तर मला आईच्या केसाचें टोंकहि दिसेना. या वर्गाचें नांवच त्याचा अर्थ सांगतें. गेल्या शतकाच्या आठव्या दशकांत कंपन्यांनीं तो काढला तो कामासाठीं हिंडणाऱ्या व्यापाऱ्यांकरितां. पुढें सन २००० मध्यें एका ब्रिटिश कंपनीनें त्यांत पूर्ण सपाट होणारा बिछाना आणला. ज्याला एकांतांत कागदपत्रें चाळावयाचीं आणि कोणाचें तोंड न पाहतां झोंपावयाचें, त्याला ही रचना मानवते. माझ्या आईला एकांत नको होता. तिला शेजार हवा होता.

नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा, अशांतली पुढची कथा. आईच्या आसनाचा बिछाना होईना. निम्म्यावर येऊन तें अडकलें. विमानसेविकेनें दोनदां कळा दाबून पाहिल्या, क्षमा मागितली आणि ती निघून गेली. वरच्या वर्गांत दुसरी जागा रिकामी नव्हती. जेवणांतला पाव आईच्या हिरड्यांना चावेना. तिनें पिशवींतून राजगिऱ्याचा लाडू काढून खाल्ला.

दिवे मालवले. मला संताप आवरेना. मीं कागद घेतला आणि कलमवार तक्रार लिहावयास बसलों. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांखालीं तांबड्या रेघा ओढल्या होत्या. ती संवय उफाळून आली. तिसरें पान चालू असतां सहज उठून पुढें पाहिलें. आई ताठ बसून होती. सोन्याच्या फुलांची पुरचुंडी मुठींत घट्ट धरलेली. दोन तासांपासून तिला मोरीवर जावयाचें होतें. कोणती कळ दाबावी हें कळेना, आणि परक्या बाईला हांक कशी मारावी? मीं विचारलें, "मला कां नाहीं हांक मारलीस?"

"तूं निजला असशील, म्हटलें."

मी निजलों नव्हतों, श्रोतेहो. मी तिच्याच गैरसोयीविषयीं तीन पानें लिहीत होतों.

तिला नेऊन आणलें. मग ती हळूच म्हणाली, "मागच्या साध्या जागांत दोघांना शेजारीं शेजारीं बसतां येईल का रे?" जागा होत्या. आम्ही मागें गेलों. माझ्या खांद्यावर डोकें टेकून ती उजाडेपर्यंत झोंपली.

तरी व्हावयाचें तें झालेंच. आमच्या महाबळेश्वरची उंची साडेचार हजार फुटांच्या आंत आहे. उडत्या विमानांतली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या इतकी विरळ, आणि फार कोरडी असते. तासन् तास पाय लोंबते राहिले तर तरुणांचेहि सुजतात. लंडनला आईच्या पायांत चपला जाईनात. दोन दिवस ती अंथरुणावर होती. तिसऱ्या दिवशीं फुलें उधळलीं.

तक्रार मीं पाठविली. आपल्या देशांत फेब्रुवारी २०२३ पासून असा नियम आहे कीं कंपनीनें प्रवाशाला त्याच्या इच्छेविरुद्ध खालच्या वर्गांत बसविलें, तर साडेतीन हजार किलोमीटरांहून लांबच्या परदेशप्रवासांत तिकिटाचे शेंकडा ७५ परत द्यावे. पण आम्ही आपण होऊन उठलों होतों. उत्तरीं दिलगिरीचें पत्र आलें, आणि वर्षभरांत पुढील प्रवास केल्यास सवलतीचें कूपन. आई तें ऐकून मनमुराद हंसली.

ज्यांच्या घरीं वृद्ध आहेत त्यांना माझें सांगणें थोडें आहे. व्हीलचेअर मागतांना माणूस घरांत कसें चालतें तें पाहूं नये. जिन्यावर कसें चढतें तें पाहावें. दोघे वृद्ध असतील तर दोन खुर्च्या मागाव्या, आणि दुसरी येईपर्यंत जागचें हलूं नये. फेब्रुवारी २०२४ मध्यें मुंबईच्याच विमानतळावर ८० वर्षांचे एक गृहस्थ, एकच खुर्ची मिळाली म्हणून ती पत्नीस देऊन मागून चालत निघाले, ते वाटेंत कोसळले आणि गेले. कंपनीला ३० लक्ष रुपये दंड झाला. माणूस परत आलें नाहीं. आणि आसनें निवडतांना मऊपणाच्या आधीं शेजार पाहावा.

परत येतांना व्हीलचेअर दुसऱ्या प्रकारची मागितली होती, आणि साध्या वर्गांत आम्ही शेजारीं शेजारीं बसलों. मीं तासातासाला आईला उठवून चार पावलें चालविलें. जागा अरुंद होती, गुडघे पुढच्या आसनाला लागत होते. आईनें माझ्या मनगटावर हात ठेवला, तो मुंबई येईपर्यंत काढला नाहीं. उतरतांना ती म्हणाली, "जातांना हेंच विमान कां नाहीं घेतलेंस?"

त्याचें उत्तर मीं तिला दिलें नाहीं. तें आज येथें दिलें आहे.