एक सेवा, अनेक प्रती : संगणकीय देखरेखीतील ओळखीचा प्रश्न



रेल्वेचे आरक्षण असो वा बँकेचा व्यवहार, नागरिकाला एकच सेवा दिसते. प्रत्यक्षात त्या सेवेची आज्ञावली एकाच वेळी अनेक प्रतींच्या रूपाने चालत असते. अशा चार प्रतींवर काम सारखे वाटलेले आहे आणि त्यांपैकी एक प्रत प्रत्येक विनंती नाकारीत आहे, असे समजू. एकत्रित आकडा ७५ टक्के यश दाखवील; त्या चौथ्या प्रतीच्या वाट्याला आलेल्या नागरिकाच्या पदरी मात्र काहीच पडणार नाही. दरडोई उत्पन्नाच्या सरासरीत विषमता दडते, तसाच हा प्रकार होय.

नेटवर्कवरील देखरेखीसाठी १९८८ मध्ये एसएनएमपी ही संकेतप्रणाली पुढे आली. तीत मध्यवर्ती केंद्र प्रत्येक यंत्रावरील 'एजंट'ला १६१ क्रमांकाच्या पोर्टवर प्रश्न विचारते. हे पोर्ट एका पत्त्यावर सामान्यतः एकाच आज्ञावलीला मिळते. दोन प्रतींनी आपापला एजंट आणला की दुसऱ्याला जागा उरत नाही. यावर 'एजंटएक्स' हा तोडगा निघाला : एक मुख्य एजंट आणि त्याच्या हाताखाली अनेक उपएजंट. मार्च २००० च्या आरएफसी २७८८ या दस्तऐवजातील तक्त्यात प्रत्येक चालू सेवेला स्वतंत्र ओळ, अनुक्रमांक, नाव व सुरू झाल्याची वेळ दिलेली असते. एसएनएमपीच्या तिसऱ्या आवृत्तीत 'संदर्भनाम' देऊन तोच तक्ता प्रत्येक प्रतीसाठी वेगळा ठेवता येतो.

खरी अडचण अनुक्रमांकाची आहे. प्रत बंद होऊन पुन्हा सुरू झाली की तो बदलू शकतो आणि एकीचा हिशेब दुसरीच्या नावावर चढतो. २०११ च्या जनगणनेत माणसे मोजण्यापूर्वी, २०१० मध्ये घरयादी तयार झाली होती. भाडेकरू बदलला तरी घराची ओळख राहते. प्रतीलाही व्यवस्थापकाने असेच टिकाऊ नाव द्यावे लागते. सुरू झाल्याची वेळही तितकीच महत्त्वाची. ३२ बिटांचा गणक ४,२९,४९,६७,२९५ नंतर शून्यावर येतो आणि प्रत नव्याने सुरू झाली तरीही बहुधा शून्यावरच येतो. वेळ पाहिल्याशिवाय यांतील भेद कळत नाही.

क्लाउडवर तर प्रती कधी कधी काही मिनिटांपुरत्याच जगतात. प्रत्येकीची वेगळी नोंद साठविणे खर्चाचे असते. म्हणून जुन्या नोंदी एकत्र केल्या जातात आणि ताज्या तेवढ्या प्रतवार ठेवल्या जातात.