घरचा बाळंतविडा
(नवजात शिशू विभागातर्फे पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



घरात नवे मूल येणार म्हटले की आजी, आत्या, मावशी यांचे हात आपोआप सुईदोऱ्याकडे वळतात. झबली, टोपरी, लंगोट, दुपटी असा बाळंतविडा सिद्ध होतो. बाळाला प्रथम जुने कापड वापरण्याची आपली रीत आम्हांला योग्यच वाटते. वारंवार धुतलेले सुती कापड मऊ असते, ओल टिपते व नाजूक त्वचेला बोचत नाही. झबल्याला गुंडी वा पिन न लावता बाजूस आखूड बंद शिवावेत आणि कपडे धुऊन कडक उन्हात वाळवावेत, एवढेच आमचे सांगणे.

मात्र या विड्यात आणखी एका वस्तूची भर घालावी, अशी आमची विनंती आहे. ती म्हणजे जुन्या नऊवारी लुगड्याची झोळी. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या अंगी चरबी थोडी असते. ते लवकर गार पडते. गार पडलेले बाळ नीट दूध ओढत नाही, रक्तातील साखर उतरते आणि जिवावर बेतते. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे काचपेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी अशी बाळे मातेच्या छातीशी ठेवण्याची पद्धत सुरू केली. हेच 'कांगारू मदर केअर'. भारतासह पाच देशांतील अभ्यासात (२०२१) ही सेवा जन्मानंतर लगेच सुरू केल्याने लहान बाळांचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे आढळले.

कृती सोपी आहे. बाळाला केवळ टोपरे, पायमोजे व लंगोट घालून मातेच्या उघड्या छातीवर उभे धरावे. मान एका बाजूस वळवलेली असावी. हनुवटी छातीवर टेकू नये. लुगड्याची दुहेरी पट्टी बाळाच्या कानाखालपासून बुडापर्यंत घट्ट गुंडाळावी. नाक-तोंड सदैव मोकळे व दिसते राहावे. दिवसाकाठी किमान आठ तास, शक्य तर त्याहून अधिक काळ हे करावे. माता थकली की वडिलांनी वा आजीने बाळ घ्यावे. प्रथम आमच्या परिचारिकांकडून बांधणी शिकून घ्यावी.

कुंची बारशाला शोभते, पण झोपवताना उतरवावी. मोहरीची उशी करूच नये. बाळ सपाट, घट्ट बिछान्यावर उताणे निजवावे. पाळण्यावरील चिमणाळे कापडी चिमण्यांचे करावे. मणी-टिकल्या लावू नयेत व ते हाताला लागणार नाही इतके उंच टांगावे. चिमण्यांत चिंध्या भरण्याचे काम थोरल्या भावंडाला द्यावे. बाळाच्या येण्याने आपण बाजूला पडलो, असे मग त्याला वाटत नाही.

देणगीदारांना आमची प्रार्थना आहे की, यंत्रसामग्रीस आपला हातभार आहेच. सोबत आपल्या घरातील स्वच्छ, जुनी सुती लुगडी व धोतरेही आमच्याकडे पाठवावीत. ज्या मातेच्या माहेराहून विडा येत नाही, तिची पाठवणी आम्ही त्या लुगड्याच्या झोळीनिशी करू.