शाळेचा पट आणि पोरांची हजेरी

सोयाबीनची सोंगणी आटोपत आली आहे आणि कापूस वेचणीची घाई सुरू झाली आहे. अशा धांदलीत शाळेचा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. पण आम्हाला तो नेमका याच दिवसांत बोलायचा आहे. विषय आहे गावातल्या जिल्हा परिषद शाळेचा, त्यातही सहावी, सातवी, आठवीच्या पोरापोरींचा.

आमच्या गटातल्या काही जणी शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. सुरुवातीला आम्ही बैठकीला जायचो, चहा घ्यायचो, सही करून परत यायचो. एका बैठकीत परीक्षेचे गुण वाचून दाखवले. सातवीचा वर्ग गणितात मागे होता. कुणीतरी म्हणालं, "तांड्यावरची पोरं जास्त आहेत, मग काय होणार?" समितीवरची तांड्यातली बाई तिथंच बसली होती. ती खाली मान घालून राहिली. आम्हीही गप्प बसलो. घरी आल्यावर मात्र ते मनाला लागलं.

पुढच्या बैठकीत आम्ही गुणांचा कागद आणि हजेरीपट, दोन्ही मागितले. शेजारी शेजारी ठेवून एकेक नाव पाहिलं. दिवाळीनंतर काही नावांपुढे महिनोन्‌महिने गैरहजेरी होती. त्यांचे आईबाप मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेले होते आणि पोरं त्यांच्याबरोबर. काही पोरींची गैरहजेरी तुटक तुटक होती. ते कापूस वेचणीचे दिवस होते. वर्षभर शाळेत बसलेली पोरं, तांड्यावरची असोत की गावातली, बऱ्यापैकी पुढे होती. मागे पडलेल्यांत गावातलीही पोरं होती. म्हणजे पोरं ढ नव्हती. अपूर्णांक शिकवले त्या दिवशी ती वर्गात नव्हती.

त्या पोरींमध्ये आमच्याच गटातल्या एका बाईची मुलगी होती. ती म्हणाली, "वेचणीची मजुरी किलोवर मिळते. लहान्याला सांभाळायला घरी कुणी नाही. मी तरी काय करू?" यावर आमच्याकडे लगेच उत्तर नव्हतं. तिला दोष देणं सोपं होतं, पण आमच्यातल्या बऱ्याच जणींनी तेच केलं होतं.

मैत्रिणींनो, सरासरीच्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका. समजा वर्गात 30 मुलं आहेत. त्यातल्या 20 मुलांना 60 गुण मिळाले आणि सतत गैरहजर राहिलेल्या 10 मुलांना 15. सरासरी निघते 45. पण 45 गुण मिळालेलं एकही मूल त्या वर्गात नाही. 20 जणांचं बरं चाललं आहे आणि 10 जण हातातून सुटत आहेत, हे त्या एका आकड्यात दिसत नाही.

म्हणून समितीच्या बैठकीत हे प्रश्न विचारा. वर्गाचा पट किती, त्यात मुली किती आणि कुठल्या वस्तीवरून किती येतात? कोणत्या महिन्यात हजेरी घटते आणि कुणाची घटते? घरी गोरमाटी बोलणाऱ्या मुलांना पुस्तकातली मराठी कळते का, की नुसती पाठ होते? सहावी ते आठवीला गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्र शिकवायला शिक्षक आहेत का? शिक्षण हक्क कायद्यानं या वर्गांना 35 मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. मुलं-मुली किती, कोणत्या प्रवर्गातली किती, ही माहिती शाळा दरवर्षी सरकारला भरून देतेच. ती आपल्याच लेकरांची माहिती आहे. विचारायला लाजू नका.

हे विचारायचा अधिकार कायद्यानं दिला आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. वंचित घटकांतल्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. 2011 च्या जनगणनेत आपल्या वाशिम जिल्ह्यात शंभरातल्या सुमारे 75 बायकाच साक्षर होत्या. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनीही मागं राहू नये. वर्गात किती जागा रिकाम्या आहेत, हे मोजायला अक्षरं लागत नाहीत.

आता काम घाईचं का, ते सांगतो. आपल्या राज्यात आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास फेरपरीक्षा होते आणि त्यातही राहिलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. आठवीत मागे राहिलेल्या पोरीला घरचे पुन्हा शाळेत पाठवतील का, हे आपल्याला ठाऊक आहे. आठवीतच राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षाही असते. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. मात्र तिला बसायला सातवीत चांगले गुण लागतात. सातवीतला बुडालेला हिवाळा असा पुढे महाग पडतो.

स्थलांतर करणाऱ्या घरांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. आईबाप कामाला गेले तरी मूल गावातच राहून शिकतं. पण त्याची मागणी टोळी निघायच्या आधी करावी लागते. मूल बरोबर न्यायचंच असेल, तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घ्या. ते दाखवलं की जिथं जाल तिथल्या शाळेत मुलाला बसता येतं.

आमच्या गटानं त्या बाईसाठी एक साधी गोष्ट केली. वेचणीच्या दिवसांत लहान पोरं सांभाळायची पाळी लावली. एक दिवस एकीनं घरी थांबायचं, बाकीच्यांनी वावरात जायचं. थांबणारीची मजुरी बुडते, त्यावरून कुरबुर झाली, अजूनही होते. तरी पाळी चालू आहे आणि ती पोरगी शाळेत जाते आहे. तांड्यातली ती बाई आता बैठकीत हजेरीपट सगळ्यात आधी मागते.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एवढं करा. आपल्या गावातून, तांड्यातून कोणती घरं कामाला जाणार आहेत आणि त्यांची किती पोरं शाळेत आहेत, ती नावं एका कागदावर काढा. तो कागद टोळ्या निघायच्या आत मुख्याध्यापकांच्या हातात द्या.