खणातला तो पांढरा तुकडा

(या भागाचं शब्दांकन. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी.)

आज विषय छोटा आहे, अगदी मुठीत मावेल एवढा. पण हा भाग संपला की उठून घरातला एक खण उघडायचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रत्येक घरात एक खण असतो. त्यात जुन्या वायरी, बंद पडलेले रिमोट आणि कुठल्या कुठल्या देशांचे प्लग असतात. आमच्याकडेही आहे. माझा भाऊ २०१२ साली जर्मनीहून परत आला, तेव्हा त्याचा लॅपटॉप आणि आयपॅड सोबत आला. पुढे आयपॅड आईकडे गेला. आई त्यावर कीर्तनं ऐकते, नातवंडांशी बोलते. चार्जर तोच, जर्मनीचा, दोन गोल पिनांचा. आपल्या सॉकेटमध्ये तो जातो, पण जरा ढिला बसतो. मग आई काय करते? हाताने दाबून धरते, थोडा वाकडा करते आणि म्हणते, "लागला बघ!"

मागच्या महिन्यात मी तो सहज काढून बघितला आणि चरकलोच.

झालं होतं असं की, २०१६ च्या जानेवारीत ॲपलने आपले दोन पिनांचे प्लग परत मागवले होते. यालाच रिकॉल म्हणतात. युरोप, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण कोरिया, अर्जेंटिना आणि ब्राझील यांच्यासाठी बनवलेले हे तुकडे. २००३ ते २०१५ या काळात मॅक आणि काही आयफोन-आयपॅडसोबत ते दिले गेले. शिवाय प्रवाशांसाठी मिळणाऱ्या ‘वर्ल्ड ट्रॅव्हल ॲडॅप्टर किट’मध्येही ते होते. पुढे एप्रिल २०१९ मध्ये ब्रिटन, सिंगापूर आणि हाँगकाँगचे तीन पिनांचे तुकडेही परत मागवले. ते २००३ ते २०१० मधले.

दोष काय होता? क्वचित एखादा तुकडा मोडायचा. आता विचार करा, प्लग मोडला आणि आतला वीज असलेला धातू उघडा पडला. त्याला बोट लागलं की शॉक! पहिल्या रिकॉलच्या वेळी कंपनीला जगभरातून अशा १२ घटना माहीत होत्या, दुसऱ्या वेळी ६.

तुम्ही म्हणाल, लाखो तुकड्यांत बारा म्हणजे काहीच नाही. बरोबर आहे. पण रिकॉल आकड्यापेक्षा परिणाम बघून होतो. मोबाइल हळू चार्ज झाला तर चिडचिड होते. २३० व्होल्टचा धक्का बसला तर माणूस जाऊ शकतो. आणि मोडणारा तुकडा आपल्या घरातला असला, तर बाकीचे लाख चांगले असून उपयोग काय?

मग ओळखायचा कसा? पिनांचा तुकडा मुख्य चार्जरपासून सरकवून वेगळा करा. अर्थात आधी सॉकेटमधून बाहेर काढून! जिथे तो चार्जरला जोडला जातो, त्या खाचेत बघा. दोन पिनांच्या जुन्या तुकड्यात चार किंवा पाच अक्षरं-आकडे असतात, नाहीतर काहीच नसतं. सुधारलेल्या तुकड्यात देशाची किंवा प्रदेशाची तीनच अक्षरं असतात, युरोपसाठी ‘ई-यू-आर’. तीन पिनांच्या जुन्या तुकड्याची खाच कोरी, पांढरी असते. नव्याचा आतला भाग करडा असतो.

आईच्या तुकड्यात काहीच नव्हतं. कोरा! सात-आठ वर्षं आम्ही तिला तो दाबून धरायला लावत होतो.

जुना निघाला तर वापर लगेच थांबवा. उपकरणाचा सीरियल नंबर घेऊन अधिकृत सेवा केंद्रात चौकशी करा. रिकॉलमध्ये तुकडा फुकट बदलून देण्याची सोय जाहीर झाली होती. अख्खा चार्जर फेकायची गरज नाही, दोष फक्त पिनांच्या तुकड्यात आहे.

मला खरी अडचण वेगळीच वाटते. रिकॉलची बातमी त्या दिवशी येते आणि जाते. पण चार्जर हातोहात फिरतो. मुलाकडून आईकडे, आईकडून कामवाल्या मावशींच्या मुलीकडे. विकत घेणाऱ्याला कळलं तरी वापरणाऱ्यापर्यंत ते पोचत नाही. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक बॅगेत आपण असं काहीतरी आणतो आणि प्रेमाने देऊन टाकतो.

जाता जाता, कुठल्याही कंपनीचा चार्जर असो, या गोष्टी लक्षात ठेवा. ढिला प्लग दाबून वापरू नका. सैल जोडणीत ठिणग्या उडतात, प्लास्टिक तापतं. आपल्या सॉकेटला बटण असतं, ते बंद करूनच प्लग लावा आणि काढा. ट्रॅव्हल ॲडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. अमेरिकेचा १२० व्होल्टचा हेअर ड्रायर त्याने इथे चालणार नाही, जळेल. नवा मोबाइल चार्जर घेताना त्यावर बीआयएसचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा आणि ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून खात्री करा.

आपल्याकडेही कायदा आहे बरं का. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. धोकादायक माल परत मागवायचा आदेश ते देऊ शकतं. तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. पण आपण तक्रारच केली नाही, "जाऊ दे, दुसरा आणू" म्हणत राहिलो, तर त्यांना कळणार कसं?

आईला आता नवा चार्जर आणून दिलाय. ती म्हणाली, "अरे, हा तर न दाबताच लागतो!" मला हसू आलं, आणि थोडं वाईटही वाटलं.

चला, खण उघडा. आणि आपल्या आई-बाबांचाही उघडायला लावा. पुढच्या भागात भेटूच. तोवर सांभाळून राहा. नमस्कार!